सर गप्प बसतात

सरांच्या बैठकीच्या खोलीला रंग द्यायचा तर तीनच भिंतींचा हिशेब करावा लागतो. चौथी भिंत प्रमाणपत्रांनी झाकलेली आहे. अबॅकस, वैदिक गणित, सुंदर हस्ताक्षर, स्मरणशक्ती, बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल ओळखणे, झालंच तर आपत्ती व्यवस्थापन. कळंबच्या बाजारपेठेतला लॅमिनेशनवाला सरांना लांबून बघितलं की मशीन तापायला लावतो. सरांच्या मते माणूस दोन प्रकारचा असतो: कोर्स केलेला आणि करायचा राहिलेला.

सर एका अनुदानित शाळेत पहिली ते चौथीला शिकवतात. शिक्षण डी.एड., आवाज लाउडस्पीकरचा. प्रत्येक कोर्स त्यांनी लेकरांच्या भल्यासाठीच केला आणि त्याला गिऱ्हाईकही मिळालं, कारण लातूर जवळ आहे. लातूर पॅटर्नचं वारं कळंबपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. लेकरू दुसरीत गेलं की बाप नवोदयचं बोलायला लागतो आणि स्कॉलरशिपचा निकाल लागला की नीटचं. अशा गावात जास्त वेगानं पळायला शिकवणारा कुठलाही कोर्स खपतो. आणि नेमक्या याच गावात सरांनी 'लेकराला पळवू नका, खेळू द्या' असं सांगणारा कोर्स केला.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीतली. शाळा बंद, सर घरात, आणि मोबाइलवर वेबिनारचा पाऊस. त्यात 'प्ले थेरपी' नावाचं दोन दिवसांचं काहीतरी सरांना सापडलं. रविवारी संध्याकाळी ई-सर्टिफिकेट आलं आणि दुकानं उघडल्याबरोबर भिंतीवर गेलं. त्यावर सरांना 'सर्टिफाइड' म्हटलं होतं. वहिनींनी पदराला हात पुसत ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे म्हणजे कळंब रोड स्टेशन झालं. पाटीवर कळंब आहे, पण उतरल्यावर कळंबला यायला जीप बघावी लागतीय."

हे सरांना लागलं. त्यांनी खोलात जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं, की खरं कळंब बरंच लांब आहे. अमेरिकेत 1982 पासून प्ले थेरपीवाल्यांची एक संघटना आहे. तिच्या यादीत नाव लागायचं तर आधी मानसिक आरोग्याच्या विषयात मास्टर्स पदवी आणि राज्याचा परवाना पाहिजे. मग खेळोपचाराचं 150 तासांचं शिक्षण. शिवाय मुलांबरोबर 350 तासांचं प्रत्यक्ष काम, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. भारतातली गोष्ट आणखी निराळी. 1992 च्या कायद्यानं आलेली पुनर्वसन परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद करते, विशेष शिक्षकाची करते, ऐकण्याच्या यंत्राचे साचे बनवणाऱ्याचीसुद्धा करते. प्ले थेरपिस्टसाठी मात्र तिच्याकडे वेगळा रकानाच नाही. म्हणजे पाटी कुणीही लावावी, अडवणारं कुणी नाही. दुसरा कुणी असता तर यावर खूश झाला असता. सर मात्र हळहळले. ज्या विषयाला सरकारी शिक्का नाही, त्यात शिकून माणसानं मिरवायचं काय?

तरीही ते पेटले. दूरशिक्षणानं मानसशास्त्रात एम.ए. केलं, पुण्याच्या एका संस्थेचा लांबलचक डिप्लोमा धरला, आणि देखरेखीला तिथल्याच एक मॅडम मिळाल्या. सरांनी खेळाचा तास मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा, मॅडमनी तो बघून शेरा मारायचा. सरांच्या आयुष्यात शेरा मारणारी बाजू बदलण्याची ही पहिलीच वेळ.

दारावर पाटी लागली. पेंटरनं आपल्या मनानं नावाआधी 'डॉ.' घातलं, 'फुकटात घातलंय सर' म्हणाला. सरांनी पैसे देऊन ते पुसून घेतलं, पण पावसात अजून खालचा 'डॉ.' वर येतो. पहिला पेशंट आला तो सत्तरीचा. गावात गरम गादीवर झोपवून फुकट थेरपी देणारं एक केंद्र मध्यंतरी बंद पडलं होतं, ते इथं उघडलं असं समजून गुडघे घेऊन आला होता. पुढं पालक यायला लागले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नुसतं खेळायचे पैसे?" दुसरा प्रश्न: "ह्यानं मार्क वाढतेत का?"

खेळाची खोली म्हणजे पूर्वीची धान्याची कोठी. तिथं बाहुल्या, डॉक्टरचा संच, दोन खोटे फोन, रबरी साप, माती, जेसीबी. मध्यभागी वाळूचा ट्रे. मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या बाईंनी लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या सुमाराला असा ट्रे वापरायला सुरुवात केली. मुलांनी त्यात आपलं जग मांडायचं आणि बघणाऱ्यानं ते बघायचं. सरांनी पंचाहत्तर बाय पन्नास सेंटिमीटर, सात सेंटिमीटर खोल असं माप सुताराला दिलं. आतून निळा रंग, कारण वाळू सारली की तळाला पाणी दिसलं पाहिजे. सुतार म्हणाला, "पाणीच पायजे तर पाणी भरा की." वाळू मांजरा नदीची, अर्धं घमेलं. "रॉयल्टीची पावती आहे ना सर?" असं विचारल्याशिवाय ते घमेलं एकाही शेजाऱ्यानं पुढं जाऊ दिलं नाही.

भिंतीवर व्हर्जिनिया ॲक्सलिनबाईंचे आठ नियम. यांचं पुस्तक 1947 सालचं. मूल आहे तसं स्वीकारा, वाट त्याला दाखवू द्या, तुम्ही मागून जा, घाई करू नका, असा एकूण मजकूर. सरांनी तो सुविचारासारखा वळणदार अक्षरात लिहिला आणि पहिल्या दिवशी आलेल्या पोरांकडून तीनदा म्हणून घेतला.

इथंच खरी अडचण आहे. खेळातून शिकवणं सरांच्या रक्तात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, दगड-पानं-शिंपल्यांतून आदिवासी मुलांना शिकवलं. ही हकिकत सर कुणालाही अर्धा तास सांगू शकतात आणि सांगतातच. पण तिथं शिंपल्यातून मुलाला काहीतरी द्यायचं होतं. इथं मुलानंच द्यायचं आणि मोठ्यानं ते घ्यायचं. प्रश्न विचारायचा नाही, शाबासकी द्यायची नाही, चूक सुधारायची नाही. मुलानं साप म्हणेपर्यंत सापाला साप म्हणायचं नाही. पंचेचाळीस मिनिटं! जन्मभर 'सांग बघू' म्हणत आलेल्या माणसाला हे उपासापेक्षा कडक. सरांनी तोंडात सुपारी धरून बघितली. सुपारीसकट बोलले.

तेवढ्यात जवळच्या एका वस्तीवरची आजी नातवाला घेऊन आली. सात वर्षांचं पोर. आईबाप दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात. "सर, शाळंत तोंडच उघडंना. घरी कोंबड्याशी बोलतंय, माणसाशी बोलंना." सरांमधली एक चांगली गोष्ट इथं सांगितली पाहिजे. त्यांनी आधी त्याला धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं, कान आणि वाचा तपासून घेतली, सगळं ठीक निघालं तेव्हाच कोठीचं दार उघडलं.

पोरानं ट्रे ओढला. ट्रक घेतला, त्यात घरातली भांडी भरली, बाई-माणूस बसवलं, ट्रक ट्रेच्या कडेपर्यंत नेला आणि खाली सोडून दिला. वाळूत उरली एक म्हातारी बाहुली. सर उत्साहानं म्हणाले, "शाब्बास! आता ट्रकला चाकं किती, मोज बरं!"

मॅडमचा शेरा आला: "सर, चाकं कुणी विचारली होती?"

पुढच्या आठवड्यात पोरानं ठोकळ्यांचं घर बांधलं, वाकडं. शेरा: "पाचव्या मिनिटाला एक हात येतो आणि भिंत सरळ करतो. तो हात कुणाचा?" त्याच्या पुढच्या वेळी सर एक शब्द बोलले नाहीत, पण 'अं हं' असं खाकरले. शेरा: "खाकरून शिकवलंत." महिनोन् महिने 'शिकवलंत' हा एकच शेरा. इतका नापास तर सरांचा कुठलाच विद्यार्थी झाला नव्हता.

मग चैत्र आला. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत हरवलेली लेकरं लाउडस्पीकरवरून पुकारायचं काम वर्षानुवर्षं सरांकडे आहे. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायला लोटलेली ती गर्दी, ते ऊन, आणि सरांची 'निळा शर्ट, पायात चप्पल नाही, आईचं नाव सांगता येत नाही' ही अखंड घोषणा. तिसऱ्या दिवशी सरांचा आवाज गेला. साफ गेला. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं. गावाला ही बातमी कळली तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवली, पण चेहऱ्यावर ती टिकवताना त्यांची तारांबळ उडाली.

त्या साली ऊस उदंड होता, कारखान्याचा पट्टा पडायला उशीर होता, पोराचे आईबाप अजून आले नव्हते. आजी ठरल्या वारी पोराला घेऊन हजर. सर मांडी घालून बसले. ट्रक भरला गेला, कडेपर्यंत गेला. सर गप्प. घर वाकडं झालं. सर गप्प. नुसते बघत होते, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. बऱ्याच वेळानं पोरानं मान वर करून त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोललं, "तुमी बोलंनात का? तुमचे आईबाप बी कारखान्याला गेलेत का?"

सरांनी मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून, चित्रणात कळत नाही. पोरानं जरा विचार केला, वाळूतली म्हातारी उचलली आणि सरांच्या गुडघ्याजवळ ठेवली. "मग ही धरा. रातीला भ्या वाटत नाही."

चित्रण पुण्याला गेलं. त्याच संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला: "सर, उत्तम! या वेळी नेमकं काय केलंत?"

सरांनी प्रामाणिकपणे टाइप केलं: "काही नाही."

"तेच करत राहा."

सरांनी तो मेसेज दोनदा वाचला, चौथ्या भिंतीकडं बघितलं, कोपऱ्यात एका फ्रेमपुरती जागा आहे याची खात्री करून घेतली आणि विचारलं, "मॅडम, याचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं का?"