आधी घाट, मग पेढे

शुक्रवारी रात्री निघायचं. शनिवारी कास, ठोसेघर, सज्जनगड. रविवारी पहाटे साताऱ्यात पहिली हाफ मॅरेथॉन, दुपारी जेवण, संध्याकाळी घरी. पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप गटांवर दर पावसाळ्यात हा बेत शिजतो. हा बेत मोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सातारा सोडू नका, धावणंही सोडू नका. पण आयुष्यातली पहिली हाफ सहलीच्या यादीतलं एक ठिकाण म्हणून उरकायला निघाला असाल, तर तुम्ही स्वतःवर आणि त्या गावावर अन्याय करताय.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. गिनीज बुकात तिची नोंद झाली आहे. शहरातून निघून समर्थ मंदिराच्या अंगानं यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि वळून त्याच वाटेनं खाली यायचं. अंतर २१.०९७५ किलोमीटर. जाताना चढ, येताना उतार. नाव भारदस्त, हवा सुंदर, फोटो देखणे. त्यामुळे नोंदणी उघडली की उड्या पडतात, आणि आधी नाव नोंदवायचं, धावायचं कसं ते नंतर बघायचं, असा उलटा कारभार सुरू होतो.

त्या ‘नंतर’चा हिशोब ऐका. घरापासून निघून कुठंही न थांबता, धापा न टाकता दहा किलोमीटर धावता येतात का? येत असतील तर हाफची तयारी तिथून सुरू होते आणि तिला तीन-चार महिने लागतात. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, तो हळूहळू वाढवत सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत न्यायचा. मधले दिवस हलकं धावायचं, एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची. हे सगळं सपाट रस्त्यासाठी झालं. घाटासाठी चढावर वेगळे दिवस द्यावे लागतात. पुण्यात सिंहगडाचा रस्ता आहे, बोपदेव घाट आहे. ठाण्यात येऊरचा चढ आहे. ज्याच्या गावात काहीच नाही, त्याला एखादा उड्डाणपूल मिळतो. चढ शोधला की सापडतो. न शोधता थेट यवतेश्वराला भिडणाऱ्याला तो घाट तिसऱ्याच वळणावर चालायला लावतो.

चालण्यात कमीपणा काहीच नाही, हेही इथंच सांगतो. घाटात चांगले धावकसुद्धा उभ्या चढावर चालतात आणि सपाटी आली की पुन्हा पळतात. वाईट असतं ते चढाच्या सुरुवातीला गर्दीच्या जोरावर सुसाट सुटणं. पहिली पाच किलोमीटर शेजाऱ्याच्या वेगानं काढली की पुढची सोळा स्वतःच्या पायांनी काढायची उरतात, आणि तोवर पाय संपलेले असतात. बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे.

पण पहिलटकराला खरा फटका बसतो तो उतारावर. चढ संपला, आता काय, खाली तर यायचंय, असं वाटतं आणि माणूस पाय मोकळे सोडतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक लावतात. एकीकडे ते ताणले जात असतात आणि त्याच वेळी आवळतही असतात. या उलट्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून आडवं व्हावं लागतं, तेव्हा जाणवते. याला औषध एकच, ते म्हणजे आधीच्या महिन्यांत थोडा-थोडा उतार धावून मांड्यांना सवय लावणं. स्नायू हे फार लवकर शिकतात, पण त्यांना शिकवायला लागतं. शर्यतीच्या दिवशी लांब ढांगा टाकू नका. पावलं छोटी, भरभर, गुडघे किंचित वाकलेले. पावसानं रस्ता निसरडा असेल तर वेळेचा विचारच करू नका.

बूट नवे नकोत, मोजे नवे नकोत, आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेल्यावर तिथल्या दुकानातून उचललेलं जेल तर मुळीच नको. जे तयारीत पोटात गेलं आणि पचलं, तेच रविवारी खायचं. शनिवारी रात्री साताऱ्यात झणझणीत रस्सा समोर येईल. तो रविवारी दुपारी खा, तेव्हा त्याची चवही दुप्पट लागेल.

आता पाण्याबद्दल, कारण यात जिवाशी गाठ असते. प्रत्येक टेबलावर थांबून पोटभर पाणी पिणं हा शहाणपणा नव्हे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला आणि ज्यांचं वजन धावताना उलट वाढलं, त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे सावकाश धावणारे आणि वाटेत भरपूर पिणारे. ती पूर्ण मॅरेथॉन होती, पण सावकाश चढणारा पहिलटकर साताऱ्याच्या गार हवेतही याच मार्गाला लागू शकतो. तिथं घाम कमी येतो आणि पाण्याची टेबलं वारंवार येतात. तहान लागली की प्या, नाही लागली तर पुढं चला.

आणि धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. गुडघा दुखेल म्हणून ‘आधीच एक घेऊन ठेवली’ असं सांगणारे लोक मला दर शर्यतीत भेटतात. यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धावताना शरीरातलं पाणी कमी होतं, तेव्हा तो पुरवठा तसाही कमी झालेला असतो. दुखणं दाबून धावणं म्हणजे शरीरानं दिलेली सूचना फाडून टाकणं. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर नोंदणीच्या आधी डॉक्टरांना भेटा. नोंदणी झाल्यावर भेटलात तर मनातून तुम्ही ‘हो’ ऐकायलाच गेलेले असता.

दुसऱ्याच्या बिबवर धावणाऱ्यांना मी माफ करत नाही. ‘मित्राला जमत नाहीये, त्याचा नंबर वाया का घालवायचा’ हे कारण ऐकायला भलं वाटतं. पण बिबला जोडून नाव असतं, वय असतं, रक्तगट असतो, घरचा फोन नंबर असतो. तुम्ही घाटात कोसळलात तर वैद्यकीय पथक त्याच नंबरावर फोन करणार. तुमच्या मित्राची आई घाबरून साताऱ्याकडे धावेल आणि तुमच्या आईला संध्याकाळपर्यंत काही कळणार नाही. रक्तगट चुकीचा, आजारांची माहिती चुकीची. एका प्रवेश शुल्कासाठी हा खेळ करू नये. नंबर वाया जाऊ द्या.

आता गावाकडे वळू, कारण मूळ दुखणं इथंच आहे. सहलीला आलेल्या माणसाला सातारा हे पार्श्वभूमीचं चित्र वाटतं. सातारकरांसाठी तो त्यांचा रोजचा रस्ता आहे. त्या सकाळी तो रस्ता ते तुमच्यासाठी बंद ठेवतात. पोलीस अंधारात चौकात उभे राहतात, शाळेची मुलं हातात पेले घेऊन थांबतात, घाटात ढोल वाजतात, आजीबाई दारात उभ्या राहून अनोळखी माणसाला ‘चल बाळा, आलंच’ म्हणतात. इतका पाहुणचार फार कमी गावं करतात. पाहुण्यानं त्याची परतफेड तयारी करून येऊन करावी, इतकंच. तयारी न करता आलेला प्रत्येक माणूस रुग्णवाहिकेची एक फेरी आणि डॉक्टरांचा अर्धा तास घेतो. तो वेळ एखाद्या खऱ्या गरजवंताचा असतो.

आणि कचरा. सातारा शहराच्या मोठ्या भागाला कास तलावाचं पाणी येतं. त्या तलावाकडे जाणारा रस्ता म्हणजेच तुमचा शर्यतीचा रस्ता. कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ज्या गावानं हातात पाण्याचा पेला दिला, त्याच्याच पाण्याच्या वाटेवर तो पेला भिरकावायचा, जेलचं रिकामं पाकीट दरीत टाकायचं? पाकीट खिशात घाला. पेला डब्यात टाका. डबा दिसेपर्यंत हातात धरा. हात रिकामे ठेवल्यानं कुणाचा वेग वाढलेला मी पाहिलेला नाही.

या जिल्ह्याला धावणं म्हणजे काय ते शहरातून येऊन कुणी शिकवायची गरज नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी माळरानावर पळत मोठी झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देतं. आजही जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे गेलात तर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्यांच्यासाठी काही सेकंद म्हणजे नोकरी की घरी परत, हा फरक असतो. त्यांच्या पायांत कित्येकदा साधे कॅनव्हासचे बूट असतात. आपण महागडं घड्याळ मनगटावर बांधून त्यांच्या गावात धावायला येतो. निदान त्यांच्याइतकी तालीम तरी करून यावं.

सहलीचा बेत आखायचाच असेल तर असा आखा. शनिवारी दुपारपर्यंत पोहोचा, बिब घ्या, हलकं जेवा, झोपा. सज्जनगडाच्या पायऱ्या आणि ठोसेघरचा धबधबा शनिवारी नको. पायऱ्यांवर गेलेलं बळ रविवारी घाट परत देत नाही. शर्यत झाल्यावर थोडं चाला, सुके कपडे घाला, काहीतरी खारट आणि काहीतरी गोड पोटात जाऊ द्या. मग गड, मग कंदी पेढे. कासला जायचं तर सोमवारची रजा टाका आणि गर्दी ओसरल्यावर जा. शर्यत संपताच तोच रस्ता गाड्यांनी भरून टाकणं हे त्या पठारावर प्रेम करणाऱ्याचं लक्षण नव्हे.

परतीची गाडी धावलेल्या माणसानं चालवू नये. पहाटे तीनला उठलेला, एकवीस किलोमीटर धावलेला, पोटभर जेवलेला माणूस दुपारी खंबाटकी घाटात स्टिअरिंगवर डुलकी घेतो. मांडीत गोळा आला तर ब्रेकवर पाय वेळेत पडत नाही. न धावलेला चालक बरोबर घ्या, एसटीनं जा, किंवा एक रात्र राहा. मेडल गळ्यात घालून घरी सुखरूप पोहोचणं हा शर्यतीचाच भाग आहे.

ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी येत्या रविवारी जवळचा चढ गाठावा. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सोळा किलोमीटर अंतर, त्यात थोडा चढ धरून, आरामात होत असेल तर बेशक या. होत नसेल तरीही या. यवतेश्वरच्या एखाद्या वळणावर उभे राहा, पाण्याचे पेले भरा, टाळ्या वाजवा, आणि नाव पुढच्या वर्षी नोंदवा.