दोन क्रेडिटचं शवासन

योगासनांचे फायदे घडाघडा सांगता यायला हवे असतील, तर मुळात योगासनं करत नसलेलं बरं. रोज करणाऱ्याला विचारून बघा. तो गोंधळतो, "बरं वाटतं" एवढं पुटपुटतो आणि सतरंजी गुंडाळून कामाला लागतो. न करणाऱ्याकडे मात्र यादी तयार असते, आणि ती ऐकून होईपर्यंत तुमचा चहा गार होतो.

हे ज्ञान मला दोन क्रेडिटपायी झालं. मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात मूळ विषयाच्या जोडीला आणखी काहीबाही घ्यावं लागतं. आमच्या यादीत एनसीसी, एनएसएस, खो-खो आणि योग होते. एनसीसीत पहाटे उठायचं, एनएसएसमध्ये खड्डे खणायचे, खो-खोत पळायचं. योगात शवासन असतं. माझ्यासारख्या विचारी मुलांनी वर्ग गच्च भरला.

सरांनी पहिल्याच तासाला सतरंजीवरची हवा काढून घेतली. प्रत्येकाने 'योगाभ्यासाचे आरोग्यास होणारे फायदे' या विषयावर प्रकल्प करायचा. "मोबाईलवरून उतरवून आणलेलं चालणार नाही. माणसांना विचारा, मोजा, वाचा." माणसांपासून सुरुवात केली, कारण ती घरातच होती आणि बोलायला उत्सुक होती.

पहिले काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात असतात. मी वही उघडायच्या आत त्यांनी मधुमेह, थायरॉईड, पित्त, दमा, केसगळती आणि चंचल मन एवढे रोग बरे करून टाकले. "तू शीर्षासन कर," माझ्या कपाळाकडे बघत ते म्हणाले, "केसांच्या मुळांना रक्त मिळतं." काकांना काचबिंदू आहे, दिवसातून दोनदा ते डोळ्यांत थेंब घालतात. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून काचबिंदूवाल्यांना ते वर्ज्य, हे मी नुकतंच वाचलेलं. पण त्यांनी स्वतः उलटं व्हायची तयारी कुठे दाखवली होती?

"तुम्ही कोणती आसनं करता?" मी प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न विचारला.

"सध्या बंद आहे रे. गुडघे दुखतात ना."

"मग गुडघ्यांवर उपाय?"

"योगासनं!" काका ठामपणे म्हणाले. मी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भर ऑक्सिजनवर. कपालभातीने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, आणि तो पेशीपेशीत 'पोचतो', असं त्या पोस्टमनच्या खात्रीने सांगतात. आता हे मोजता येण्याजोगं होतं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या रिमोटांच्या संगतीत पडून होता. सेल बदलले, काकूंच्या बोटाला लावला. ९८. काकूंनी डोळे मिटून कपालभाती सुरू केली. आमची खिडकी त्या आवाजाला सरावलेली नव्हती, पलीकडच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावून गेलं. संपल्यावर पुन्हा लावला. ९८.

"मशीन चायनाचं आहे," काकू म्हणाल्या.

मशीनचा दोष नव्हता. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नुसतं बसल्या बसल्या ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. भरलेल्या एसटीत कंडक्टर कितीही ओरडला तरी आणखी किती माणसं चढणार? जोरजोरात श्वास टाकून बाहेर जातो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साईड, आणि तो फार गेला की हलकंसं गरगरतं. त्या गरगरण्याला काकू 'चैतन्य' म्हणतात. मी हे त्यांना सांगितलं नाही. महिन्यातून दोनदा त्या आमच्याकडे अळूवडी पाठवतात.

आता वाचनाकडे वळणं भाग होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात योगाचं कपाट आहे. त्यातली अर्धी पुस्तकं वाचून असं वाटतं, की माणूस आजारी पडतो तो केवळ पुस्तक न वाचल्यामुळे. पण त्याच कपाटात मला माझा माणूस भेटला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. लोक योग्यांच्या पाया पडत होते त्या काळात या माणसाने योग्यांचे एक्स-रे काढले! उड्डियान करताना पोटात काय हलतं, नौली करताना आतड्यात दाब किती होतो, हे पाऱ्याच्या नळीने मोजलं. आतड्यातला दाब मोजायला नळी कुठून घालावी लागत असेल हे ज्याचं त्याने ताडावं. मी सादरीकरणात ती स्लाईड भरभर पुढे ढकलली. दाब वातावरणापेक्षा कमी भरला, म्हणजे आत निर्वात पोकळी तयार होते. आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी तिला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. गुरुदक्षिणा म्हणून कुणी मंदिर बांधतं, कुणी घाट बांधतो. आतड्यातली पोकळी गुरूंना अर्पण करणारा शिष्य विरळाच. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा ऊर भरून आला.

जुन्या ग्रंथांत डोकावलो तर आणखी गंमत. पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं खर्ची घातली आहेत, आणि त्यांची अपेक्षा एवढीच, की बैठक स्थिर असावी आणि सुखाची असावी. या कसोटीवर आमचे काका सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात केव्हाच सिद्ध झालेले आहेत. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस. पुढे आसनं वाढत गेली आणि बी.के.एस. अय्यंगारांच्या १९६६च्या 'लाईट ऑन योगा'पर्यंत दोनशेच्या घरात पोचली. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय अशा सगळ्यांचे पाहुणचार करून थकलेले. १९३७ साली शिकवायला म्हणून पुण्यात आले ते पुण्याचेच झाले आणि पंचाण्णव वर्षं जगले. वाकता न येणाऱ्यांसाठी पट्टे, ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या वापरायची त्यांची पद्धत जगभर गेली. खुर्ची आसनाला चालते हे कळल्यावर काकांनी पहिल्यांदाच माझ्या प्रकल्पात खरा रस दाखवला.

सरांनी मोजायलाही सांगितलं होतं. स्वतःवर मी पश्चिमोत्तानासन लावून घेतलं. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून अंगठे धरायचे. माझी बोटं आणि अंगठे यांच्यामध्ये सव्वा वितेचा मुलूख मोकळा होता. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली, धाकट्या बहिणीला मोजणीदार नेमलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून "अजून! अजून!" असं ओरडायची आणि सेंटिमीटरचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहायची. महिना उलटेपर्यंत मुलूख निम्म्यावर आला. मला वाटलं स्नायू लांब झाले. वाचलं तर कळलं, की सुरुवातीच्या काळात स्नायूंच्या लांबीत म्हणावा तसा फरक पडतच नाही. ताण तेवढाच असतो, तो सोसायची मज्जासंस्थेची तयारी वाढते. म्हणजे अंग तेच, कुरकुर कमी. आमच्या घरातले सगळे विवाह याच तत्त्वावर टिकले असावेत.

पुढचा प्रयोग श्वासाचा. इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला होता. लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणा किंवा 'ओम मणी पद्मे हूम्', दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या लयीला हृदय आणि रक्तदाब यांचा मेळ छान बसतो. शास्त्राने धर्म बघितला नाही, फक्त घड्याळ बघितलं. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन आईकडे गेलो. शेगडीवर वरणभाताचा कुकर होता. "थोडा वेळ आडवी हो, संथ श्वास घे," म्हटलं. ती स्वयंपाकघराच्या दारातच सतरंजीवर आडवी झाली. हात सैल, पाय सैल, चेहरा शांत. मी पट्टा फुगवला.

"दोन झाल्या," डोळे न उघडता आई म्हणाली.

"काय?"

"शिट्ट्या. तिसरीला गॅस बारीक कर. आणि दूधवाल्याला उद्या नको म्हणून मेसेज टाक."

आकडा आला १३८. उभ्याने ओटा पुसताना १३२ होता. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शवासनाने रक्तदाब वाढल्याची ही बहुधा पहिलीच नोंद असेल. मी हरलो नाही. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा यंत्र लावलं आणि सहज बोलून गेलो, "आज भांडी मी घासतो." १२४. एकाच माणसावरचा प्रयोग, शास्त्राला मान्य होणार नाही. मला तर अजिबातच परवडणारा नाही.

शेवटी राहिले आजोबा. त्यांचं बालपण आटपाडीचं, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या नादाने इतके भारलेले, की स्वतः घालत, राणीसाहेब घालत, आणि संस्थानच्या शाळांतली पोरंही घालत. त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली. "गादी सोडली," आजोबा म्हणतात, "पन नमस्कार न्हाई सोडलं." त्यांनीही नाहीच सोडले. पंच्याऐंशी ओलांडली तरी सकाळी अंगणात तुळशीकडे तोंड करून बारा घालतात. नववा-दहावा जरा सावकाश असतो, उठताना डावा हात गुडघ्यावर टेकतो, एवढंच.

मी वही घेऊन पुढ्यात बसलो. "आजोबा, इतकी वर्षं घालताय. फायदे काय झाले?"

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रश्न अवघड म्हणून नव्हे. नातू ठीक आहे ना, हे बघत असावेत.

"आरं, दात घासायचं फायदं इचारतंय का कुनी?"

"पण सर विचारतात."

"मग लिव्ह, भूक लागती."

रक्तदाब १२६/७४. 'फायदे' या रकान्यात मी 'भूक लागते' लिहिलं. शेजारच्या पानावर काकांचे फायदे तिसऱ्या ओळीपासून समासात शिरले होते.

अहवालासाठी थोडा भारदस्त पुरावा हवा होता. तो कंबरदुखीवर सापडला. २०१७ साली कोक्रेनच्या आढाव्यात बारा चाचण्या आणि हजाराहून जास्त रुग्ण एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा, की काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची कंबर तीन आणि सहा महिन्यांनी थोडी ते मध्यम बरी काम देते. दुसरा एखादा व्यायाम केला तर फारसा फरक सांगता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही जुनाट कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत योगाचं नाव घातलं. मला हे वाचून खराखुरा आनंद झाला. एवढं जरी मिळालं तरी काय वाईट आहे? फुकट, घरच्या घरी, गोळीविना. पण 'थोडी ते मध्यम' हे शब्द फॅमिली ग्रुपवर टाकले तेव्हा कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. काकांनी उलट एक चित्र पाठवलं, त्यात सर्वांगासन करणाऱ्या माणसाच्या गळ्यातून थायरॉईडकडे सोनेरी किरण निघत होते. त्याला अकरा हात जोडलेले आले.

मधेच २१ जून येऊन गेला. २०१४च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत १७७ देशांनी या दिवसाच्या ठरावाला सहप्रायोजक म्हणून साथ दिली होती, असं सूत्रसंचालकाने सांगितलं, आणि ते खरंच आहे. प्रमुख पाहुणे मात्र त्या १७७मध्ये नसावेत, कारण ते उशिरा आले. तोवर आम्ही वज्रासनात. पाहुणे दीपप्रज्वलन करत असताना माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि 'उभे राहा' म्हटल्यावर पहिली अख्खी रांग एकमेकांचे खांदे धरून उठली. वर्तमानपत्रात त्याच फोटोखाली 'विद्यार्थ्यांचा सामूहिक वृक्षासनाचा आविष्कार' असं आलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी अहवाल चाळला. चाळता चाळता कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या.

"हे काय? 'थोडासा', 'मध्यम', 'पुरावा अपुरा', 'फरक आढळला नाही'... अरे, प्रकल्प फायद्यांवर आहे ना?"

"हो सर. जेवढे सापडले तेवढे लिहिलेत."

"जरा ठाम लिहायला शीक." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या पानावर, माझ्या निष्कर्षाखाली, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: योगाभ्यासाने सर्व रोगांवर मात करता येते. मग पेन खाली पडलं. ते उचलायला ते वाकले नाहीत. टेबलाला धरून, कमरेवरचा रुंद पट्टा सावरत, मला म्हणाले, "दे बघू जरा उचलून."

मी दिलं. पश्चिमोत्तानासनामुळे पटकन वाकता आलं, हे सांगायचा मोह झाला होता. पण तो फायदा अहवालात नोंदवलेला नव्हता.

'ए प्लस' मिळाली. पुढच्या सत्राला मी खो-खो घेतलाय. त्याचे फायदे आमच्या घरात अजून कुणालाच माहीत नाहीत.