मृगात पळावं की पौषात?

लातूरहून औसा, लामजना करत किल्लारी गाठली तर अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. गावात शिरून एखादी चक्कर जास्तीची मारली की हिशोब जुळतो. 1993 च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावातले रस्ते रुंद आहेत, चक्कर मारायला जागा आहे. पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणारी पोरं पहाटे पळतातच की. प्रश्न एवढाच, की आपण पळायचं कोणत्या महिन्यात?

वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पळताना शरीर जी ऊर्जा खर्चतं, तिच्यातला तीन-चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन अंगात बसतो. तिला बाहेर काढणारा मुख्य गडी म्हणजे घाम, आणि तोही वाळला तरच उपयोगाचा. आमची उन्हाळी हवा कोरडी, घाम टिपायला टपलेलीच. म्हणून मराठवाड्याचं ऊन मला प्रामाणिक वाटतं. मारतं, पण सांगून मारतं. दमट हवेचं तसं नाही. पारा बेताचा दिसतो, घाम नुसता ओघळतो आणि अंग आतून तापत राहतं. 2019 मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती, तरी 68 पैकी 28 जणींनी वाटेतच हात टेकले. सूर्य नव्हता, दमटपणा होता. परभणीच्या ज्योती गवतेनं 2017 मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला, तेव्हा आम्ही त्यातलं थोडं श्रेय आमच्या उन्हालाही देऊन टाकलं. उन्हाची सवय अंगाला दोनेक आठवड्यांत होते म्हणतात. आमचा सराव तर जन्मापासूनचा.

पण प्रामाणिक उन्हालाही पाणी लागतंच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात पळणाऱ्यांसाठी जागोजागी पाण्याची टेबलं मांडली असती, तर मांडणाऱ्यालाच लोकांनी लातूरपासून किल्लारीपर्यंत पळवलं असतं.

मृगात पाऊस अंग गार ठेवतो, हे खरं. मात्र डांबर सोडून कडेला पाय पडला की काळी माती बूट धरते. पुढच्या पावलाला बूट कमी आणि शेत जास्त उचलावं लागतं. शिवाय पेरणी सोडून पळणाऱ्याला बांधावरून विचारणा होणारच, "लेकरा, कोण मागं लागलंय?"

उरला पौष. मॅरेथॉनला दहा अंशांच्या आसपासची हवा मानवते आणि तशी पहाट आमच्याकडे याच दिवसांत मिळते. अडचण एकच. याच दिवसांत शिवारात हुरडा भाजतात आणि त्या वासापुढे भलेभले थांबतात.

तेव्हा कुणी ही मॅरेथॉन भरवणार असाल तर पौषातच भरवा, उजाडायच्या आत सोडा आणि हुरड्याची आगटी शेवटच्या रेषेच्या पलीकडेच पेटवा.