वरकडवाले अण्णा

मुलीचं लग्न ठरलेला बाप अण्णांकडे येतो तो "पानाचा रेट काय?" एवढंच विचारायला. रेट राहतो बाजूला, अण्णांचीच उलटतपासणी सुरू होते. कार्यालय कितव्या मजल्यावर? लिफ्टमधून पातेली नेऊ देतात का? पाणी नळाचं की टँकरचं? आणि नवऱ्या मुलाकडची मंडळी वेळेवर येणारी आहेत का? या शेवटच्या प्रश्नाला बाप कसनुसं हसतो. अण्णा हसत नाहीत. वऱ्हाड तासभर उशिरा आलं की पुऱ्यांचा घाणा पुन्हा घालावा लागतो, वाढपी जादा पैसे मागतात आणि हे सगळं त्यांच्या वहीत 'वरकड' या एकाच सदराखाली पडतं.

मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी, जिलबी यांचा हिशेब शाळकरी पोरगंही करील, असं अण्णांचं मत. केटरर बुडतो तो जे कुणी खात नाही त्यापायी. गोडाऊनचं भाडं, पितळी पातेल्यांची कल्हई, टेंपोची रिकामी परतफेरी, 19 किलोचा निळा सिलिंडर (घरगुती लाल सिलिंडरवर रेट पाडणाऱ्यांचं नाव ते जेवताना काढत नाहीत) आणि चातुर्मास. चातुर्मास खर्चात धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, पगार मात्र असतात.

मग वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड होते. भाडं, दोघांचा बारमाही पगार, टेंपोचा विमा, लायसन, दुरुस्त्या मिळून वर्षाला 6 लाख. कार्यं 40, सरासरी पानं 250, म्हणजे 10,000 पानं. "गॅस पेटायच्या आधीच पानामागे 60 रुपये गेले, काका!"

"जिलबी काढली तर किती कमी होतील?"

"जिलबीचे होतील. साठ तसेच."

त्यांचा पुतण्या एमबीए झालाय. त्यानं लॅपटॉपवर कोष्टक मांडलं : मालाची किंमत, त्यावर 20 टक्के ओव्हरहेड, त्यावर नफा. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "बटाट्याऐवजी पनीर केलं तर टेंपोवाला जास्त भाडं घेतो का रे?" पुतण्या गप्प. "आणि 50 पानांच्या मुंजीला टेंपो अर्धाच येतो?" पोराची दया आली, पण बरोबर अण्णांचंच होतं. म्हणूनच लहान कार्याला ते पानामागे जास्त सांगतात आणि लोक "मुंजीला लुटतो हो!" म्हणत पेठेभर फिरतात.

अण्णांना बघावं ते शेवटची पंगत उठल्यावर. पाहुणे विडा चघळत असतात आणि हे बाह्या सरसावून खरकट्याच्या पिंपात मोठ्या झाऱ्यानं चमचे धुंडाळत असतात. लोक उष्ट्याबरोबर चमचाही बिनदिक्कत टाकतात. एखादी वाटी हाताला लागली की चेहरा उजळतो, आणि मोजणी संपली की मांडवभर ऐकू जाईल अशी आरोळी येते, "बारा कमी!" फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांना हमीच्या पानांत कुणीच धरत नाही. अण्णांनी मात्र ते ठरावाच्या दिवशीच गुपचूप धरलेले असतात.

घरी हा माणूस जरा असह्य आहे. काकूंनी श्रावणात चार सवाष्णी जेवायला बोलावल्या, तर यांनी भांडीवाल्या बाईच्या वेळेसकट पानाचा रेट काढून दाखवला. काकूंनी त्यांना पुरण वाटायला बसवलं, आणि ती मजुरी वहीत चढली की नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तर अण्णांकडे कार्य ठरवायला जाल तेव्हा घासाघीस जिलबीवर करू नका, तारखेवर करा. बिनमुहूर्ताच्या मंगळवारी गोडाऊन तसंही बसूनच असतं. त्या दिवशी ते पानामागे 30 रुपये मुकाट सोडतात, आणि मठ्ठा तोच असतो.