रा. रा. मथळराव आठकॉलमे यांस खुले पत्र

रा. रा. मथळराव आठकॉलमे,
मु. पो. पान पहिले.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पालघर-बोईसरकडची तुमची बरीच जुनी बाकी निघते. युद्ध सुरू झालं की तुमच्या अंगात येतं आणि युद्ध संपलं की तुम्ही रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊन घोरता. रद्दी किलोवर विकली जाते, त्यामुळे तुमची उलटतपासणी कुणी करत नाही. आज ती करायचं आम्ही मनावर घेतलंय.

दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करू. सिंगापूर अभेद्य आहे, हे तेव्हा जगभर तुमच्या खानदानाला तोंडपाठ होतं. जपान्यांना मात्र कुणी कळवलं नसावं. ८ फेब्रुवारी १९४२च्या रात्री ते बेटावर उतरले आणि १५ तारखेला ते अभेद्य ठाणं ८०,०००च्या आसपास सैनिकांसह शरण गेलं. तुम्ही जराही ओशाळला नाहीत. दुसऱ्या दिवशी तितक्याच ठळक टाइपात पुन्हा हजर!

त्याच वर्षी १४ ऑगस्टला तुमची गाठ आमच्याशी पडायला हवी होती. ‘चले जाव’ची घोषणा होऊन आठवडाही उलटला नव्हता. किनाऱ्याकडच्या गावांतून माणसं पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे असे पाच जण गेले. तेव्हा आफ्रिकेच्या वाळवंटात कोणाचा रणगाडा कुठे रुतला, याची तुम्हाला खडान्‌खडा माहिती होती. पालघरचं नाव काढायचं म्हटल्यावर मात्र घसा बसला, कारण आंदोलनाची बातमी सरकारमान्य मार्गानेच छापायची, असा हुकूम निघालेला होता आणि तुम्ही पडलात आज्ञाधारक. पालघरने तुमची वाट पाहिली नाही. पाचबत्तीला हुतात्मा स्तंभ उभा राहिला आणि आजही १४ ऑगस्टला बाजार बंद ठेवून गाव तिथे जमतं. त्यासाठी तुमची आठवण काढावी लागत नाही.

पुढे १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. ही भरताड एकत्र भरणाऱ्याच्या अकलेवर तुम्ही अग्रलेख मागायला हवा होता. दुपारी आग लागली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यांत आग विझवायला धावलेले ६६ जवान होते. मैलभर लांबच्या एका तिसऱ्या मजल्यावर एका पारशी गृहस्थाच्या सज्जात पावणेतेरा किलोची सोन्याची वीट येऊन आदळली. छप्पर फाडून देणं म्हणतात ते हेच. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर वृत्तान्त दिला. आणि बातमीदारांना तपशील बाहेर पाठवायची मोकळीक कधी मिळाली? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे सिमल्याला कळलं, सायगावला कळलं, पारशीबाबांच्या सज्जाला कळलं. तुमचं आपलं सेन्सॉरच्या टेबलावर ‘यावे, बसावे’ चाललेलं.

तुमची पाकिस्तानातली भावकीही कमी नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी कराचीच्या ‘डॉन’मध्ये तुमचे चुलतबंधू विजय मिळेपर्यंत लढायची गर्जना करत होते. पूर्वेकडची लढाई थांबल्याचं खाली लहान अक्षरांत होतं. टाइपाचा आकार आणि खरेपणा यांचं व्यस्त प्रमाण इतक्या सोप्या रीतीने शाळेत कुणी शिकवलं नसेल.

त्याच डिसेंबरात कराचीला खरोखर आग लागली होती. ४ तारखेच्या रात्री आपल्या आरमाराच्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी तो पराक्रम केला. त्यात तुम्हाला एकही शब्द वाढवायची गरज नव्हती. तुमच्या आयुष्यातला तो दुर्मीळ, आरामाचा दिवस. पण त्या दिवसापासून कराचीची तुम्हाला चटकच लागली.

म्हणून २०२५च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षाकडे येतो. ७ मेच्या नागरी संरक्षण सरावासाठी यादी निघाली आणि राज्याच्या पहिल्या गटात मुंबई, उरणच्या पंगतीत तारापूर! अणुवीज केंद्र १९६९पासून इथे आहे, तरी आपण एवढे मोठे आहोत हे बोईसरकरांना त्या दिवशी कळलं. एरवी तुम्हाला आमची आठवण होते ती औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना पेटल्यावर. पुढच्या रात्री तर तुम्ही कमालच केलीत. कागद सोडून टीव्हीच्या पट्टीवर मुक्काम ठोकलात आणि भोंग्याच्या आवाजात कराची बंदर बेचिराख करून टाकलंत. काही वाहिन्यांवर तर तुम्ही इस्लामाबादपर्यंत जाऊन आलात. सकाळी बंदर जागच्या जागी. १० मेला शस्त्रसंधी झाली आणि तुम्ही पुन्हा घोरायला लागलात.

मथळराव, इथे मात्र चेष्टा पुरे. आमच्या जिल्ह्यात कराची म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली म्हणून किंवा गेली असं ठरवून पाकिस्तानी दल त्यांना उचलतं आणि कराचीच्या मलीर तुरुंगात टाकतं. वर्षानुवर्षं ते तिथे असतात. अशा एखाद्या घरात त्या रात्री टीव्ही लावलेला असेल, तर तुमची ती लालभडक पट्टी तिथल्या खलाशाच्या बायकोने कशी वाचली असेल? तुम्ही शहर जाळत होतात, त्या शहरात तिचा नवरा होता. हा विचार तुमच्या मनाला शिवला नाही. शिवणार कसा? तुमच्या नजरेला फक्त शहरं दिसतात, त्यात राहणारी माणसं दिसत नाहीत. ४२ साली आमचे पाचही जण म्हणूनच दिसले नव्हते.

तेव्हा बाकीची वसुली अशी. यापुढे आम्हाला आठ कॉलम नकोत. एका कॉलमात दोन ओळी पुरेत: आमच्या जिल्ह्यातले खलाशी सुटले आणि अटारीमार्गे घरी यायला निघाले. नावं तेवढी नीट छापा. उद्गारचिन्ह घालू नका, ते आम्ही घरी घालू.

कळावे,
बोईसरचा एक वर्गणीदार