अण्णांचा ताळेबंद

बँकेतून निवृत्त झालेला माणूस दोनच ठिकाणी सापडतो: सोसायटीच्या कमिटीत, नाहीतर स्वयंपाकघरात. कमिटीत गेलेल्याचा त्रास सगळ्या इमारतीत वाटला जातो. स्वयंपाकघरात शिरलेल्याचा मात्र एकाच कुटुंबाला सोसावा लागतो. समोर दार असेल तर दीड कुटुंबाला. डोंबिवलीत अण्णांच्या समोरचं दार आमचं आहे.

नोकरीत असेपर्यंत अण्णांनी गॅस पेटवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. चहा शाखेत शिपाई आणायचा आणि घरी वहिनी. निवृत्तीनंतर पहिले दोन महिने त्यांनी पेपरातली शब्दकोडी सोडवली आणि तिसऱ्या महिन्यात एक डिजिटल वजनकाटा आणला. वहिनींना वाटलं, रद्दीवाल्याची आता खैर नाही. त्याच संध्याकाळी अण्णांनी कांदाभजी केली. कांद्याचं सालासकट वजन, साल काढल्यावरचं वजन, दोन्ही एका वहीत टिपून ठेवली आणि मधल्या फरकापुढे लिहिलं, 'घसारा'.

ती वही लांबट, लाल कापडी पाठीची, खतावणीसाठी मिळते तसली आहे. तारीख, पदार्थ, जिन्नस, लागलेला वेळ आणि शेरा असे रकाने अण्णांनी पट्टी घेऊन स्वतः आखलेत. मी एकदा चाळली. पोह्यांच्या पानावर 'शेंगदाणे : ४२ नग' अशी नोंद होती. खाली वेगळ्या शाईत, 'पैकी खवट : ३'.

या वहीपायी घरात पहिला खटका उडाला तो वाटीवरून. वहिनी म्हणाल्या, थालीपिठाला दोन वाट्या भाजणी घ्या. अण्णांनी विचारलं, कोणती वाटी? वहिनींनी फडताळातून सासूबाईंचं नाव घातलेली, एका बाजूनं चेपलेली वाटी काढून पुढे ठेवली. अण्णांनी ती पाण्यानं भरून काट्यावर ठेवली. पाणी १३८ ग्रॅम भरलं.

"पण भाजणी काठोकाठ की शिगोशीग?"

"अहो, हाताला कळतं ते."

अण्णांनी वहीत लिहिलं: 'हाताला कळतं. (प्रमाण अनुपलब्ध.)'

अभ्यास मात्र दांडगा. मराठीत छापील पाककृती कधीपासून, असं कुणी विचारलेलं नसतानाही ते सांगतात: रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. वहिनींना लग्नात आहेर म्हणून आलेली 'रुचिरा' अजून घरात आहे. ती हातात धरली की चिरोट्यांच्या पानावर आपोआप उघडते, कारण त्या पानावर तुपाचा डाग आहे. अण्णांनी तिला खाकी कव्हर घातलं आणि वहिनींना दफ्तर सांभाळण्याबद्दल चार शब्द सुनावले. वहिनींनी ते ऐकून घेतले आणि फोडणीत हळद टाकली. पुस्तक शेजारीच होतं.

फ्रिजचा कारभारही आता बँकेच्या नियमांनी चालतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खातं अनुत्पादक ठरतं. अण्णांनी हाच नियम डब्यांना लावला आहे. एका पदार्थासाठी आणलेली आणि नंतर कुणी हात न लावलेली जिन्नसं मागच्या कप्प्यात ओळीनं बसलेली असतात. अण्णा नव्वद दिवस वाट पाहतात, पुनर्रचना करतात, म्हणजे डबा बदलतात. वहिनींचं धोरण कडक आहे. त्या आठव्या दिवशी खातं निर्लेखित करतात आणि कचऱ्याच्या बादलीवर वर्तमानपत्र पसरतात.

मसाल्याच्या वेळी अण्णा लालबागच्या मिरची गल्लीत जातात. मी एकदा सोबत गेलो होतो. उन्हाळ्यात तिथे बायका मिरच्यांचे ढीग मुठीनं चाळवतात, देठ मोडतात, वास घेतात आणि पुढे सरकतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. अण्णांनी टाइप केलेला कागद काढला. दगडफूल, नागकेशर, बादियान, सगळं ग्रॅममध्ये. दुकानदारानं कागद वाचला, मग अण्णांकडे पाहिलं आणि आदरानं विचारलं, "साहेब, हॉटेल काढताय?" अण्णा दोन दिवस खुशीत होते.

आता मुख्य गोष्ट. अण्णांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चअखेर संपतं. ३१ मार्चला संध्याकाळी ते आम्हाला बोलावतात, वहिनी पन्हं करतात, मुलगा बंगळुरूहून फोनच्या पडद्यावर हजर होतो आणि वर्षभरातल्या आवडत्या दहा पाककृतींचं जाहीर वाचन होतं. आवडत्या कुणाच्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ताळेबंद बँकेचा असतो, तो खातेदारांना विचारून मांडत नाहीत.

गेल्या वर्षीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर शेवळाची भाजी होती. ती आम्ही खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पावसाच्या तोंडावर मुरबाड-बदलापूरकडच्या बायका स्टेशनबाहेर शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी टोपलीत काकडं, म्हणजे छोटी हिरवी आंबट फळं. अण्णांनी दोन जुड्या घेतल्या. बाई म्हणाली, "काकडं घ्या बरोबर." अण्णांची उभी हयात कर्जाबरोबर विमा गळ्यात मारण्यात गेलेली. आपल्यावर तोच प्रयोग चाललाय हे त्यांनी तत्काळ ओळखलं.

"नुसती शेवळं द्या."

"अवो, खाजतील."

"ते आम्ही बघू."

घरी येऊन सगळं शास्त्रशुद्ध झालं. वरची पानं सोलली, आतला पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरून वजन केलं, तेलावर परतलं, भिजलेली हरभऱ्याची डाळ घातली. दुपारी एक वाजता झाकण घातलेला वाडगा आमच्या घरी पोचला. दिसायला भाजी सुरेख होती. पहिला घास चांगला लागला. दुसऱ्या घासानंतर मी बायकोकडे आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही वाटत होतं की आधी दुसऱ्यानं बोलावं. तिसरा घास झालाच नाही. जिभेच्या मुळापासून घशापर्यंत काहीतरी बारीक बारीक टोचत निघालं होतं आणि पाण्यानं ते आणखी आत जात होतं. बायकोनं चिंच काढली. मी दार उघडलं तर समोरच्या दारात अण्णा उभे, हातात आमसुलाची बरणी, आवाज बसलेला.

"कॅल्शियम ऑक्झलेट," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शेवळं सुरणाच्या कुळातलं. आत सुयांसारखे स्फटिक असतात. आंबटानं त्यांचा जोर कमी होतो. म्हणून काकडं."

अर्धा तास ते हे समजावत होते. घसा खाजत असताना माणूस इतका आनंदी असू शकतो हे मी प्रथमच पाहिलं. पदार्थ बिघडला याचं त्यांना काहीच नव्हतं. तो का बिघडला हे सापडलं होतं, आणि तपासणीचा शेरा भरायला चांगलं अर्धं पान लागणार होतं.

मागे वहिनी शांतपणे आमटी-भात जेवत होत्या.

"तुम्ही नाही खाल्लीत?" माझ्या बायकोनं विचारलं.

"आमच्या आईनं काकडांशिवाय कधी केली नाहीत शेवळं."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलं कुठे?"

यादीत या भाजीपुढे शेरा होता: 'अत्यंत बोधप्रद.'

दुसऱ्या क्रमांकावर अनारसे होते. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कपड्यावर अर्धवट सुकवायचे, दळायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा मुरत ठेवायचा. इतक्या पायऱ्या असलेलं काम अण्णांच्या पथ्यावर पडतं. त्यांनी तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि प्रत्येक पाणी बदलल्यावर सही केली. तळणीच्या दिवशी तुपात थर्मामीटर सोडला. पहिला घाणा हसला. कढईत नुसती जाळी तरंगत राहिली. अण्णांनी तापमान पाच अंशांनी उतरवलं. दुसरा घाणाही गेला. वहिनी आल्या, पिठाच्या गोळ्यात अंगठा दाबून पाहिला, मूठभर तांदळाची पिठी टाकून मळला आणि निघून गेल्या. तिसऱ्या घाण्याला जाळी पडली, खसखस वर, कडा कुरकुरीत. वहीत नोंद आहे: 'तापमानाचा प्रश्न सुटला.'

पहिल्या क्रमांकाचं भरीत होतं. त्यासाठी अण्णांनी जळगावकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकरवी हिरवी भरताची वांगी मागवली, सोबत ती कुटायला लाकडी बडगी, आणि भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा. काड्या गच्चीवर पेटवल्यावर पुढे काय झालं ते सोसायटीच्या सूचनाफलकावर तीन महिने लावलेलं होतं. भरीत उत्तम झालं होतं असं अण्णा म्हणतात. आम्ही खाल्लं तेव्हा ते गार होतं, कारण गरम असताना सगळे गच्चीवर बादल्या घेऊन होते.

बाकीचे सात वाचून दाखवत नाही. त्यांत पोपटी होती, पातोळ्या होत्या, एकदा घरी पाडलेलं पनीर होतं जे पाडताना दोन लिटर दूध होतं आणि मोजताना एक चमचा. वाचन संपल्यावर माझ्या लक्षात आलं की या दहांतला एकही पदार्थ अण्णांनी दुसऱ्यांदा केलेला नाही. हौशी स्वयंपाक्याची ही खूण मी इतर घरांतही पाहिली आहे. रोज करणाऱ्याला पदार्थ आवडतो तो हाताला सवयीचा झाल्यावर. हौशी माणूस पदार्थाला एकदा जिंकतो आणि पुढच्या किल्ल्याकडे कूच करतो. मागचा किल्ला घासायला मावशी असतात.

मावशींनी मात्र स्वतःपुरती व्यवस्था लावून घेतली आहे. "साहेब काही करणार असतील तर आदल्या दिवशी सांगत जा," असं त्यांनी वहिनींना बजावलं आहे. सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीची तब्येत बिघडते.

न्याय म्हणून एक सांगायला हवं. अण्णांच्या हाताला चव आहे. होळीच्या दिवशी वहिनींचं पुरण झालं, कट उरला आणि त्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. अण्णांनी आमटी करायला घेतली आणि ऐन वेळी वजनकाट्याचा सेल संपला. आता काय करणार? चिंच घेतली तेवढी घेतली, गूळ चाखून घातला, गोडा मसाला डब्यातल्या चमच्यानं, खोबरं भाजून चुरलं, पुरणाचा एक गोळा त्यात कालवला आणि वरून तुपाची फोडणी दिली. मी तीन वाट्या प्यायलो. पोळीची आठवण कुणाला राहिली नाही. वहिनी परत आल्या, उभ्या उभ्या पळीनं चव घेतली आणि काहीही न बोलता स्वतःचं ताट वाढून घेतलं, जे त्या अण्णांच्या पदार्थाला कधीच करत नाहीत.

ती आमटी दहांत कुठेच नव्हती.

"अण्णा, कटाची आमटी राहिली," मी म्हणालो.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिची नोंद कुठे आहे?"

"पण आम्ही खाल्ली ना!"

"वजन नाही, वेळ नाही, व्हाउचर नाही. असा व्यवहार मी पास कसा करू?"

माझ्या बायकोनं विषय वळवावा म्हणून वहिनींना विचारलं, "तुमचं काय? तुम्हाला वर्षभरातला कोणता पदार्थ सगळ्यांत आवडला?"

वहिनींनी पन्ह्याचे रिकामे पेले ट्रेमध्ये गोळा करता करता क्षणभर विचार केला. "ऑगस्टात हे तीन दिवस मुलाकडे गेले होते ना, तेव्हा एका रात्री मी मुगाची खिचडी केली होती. वर तूप, बाजूला भाजलेला पापड. एक पातेलं, एक ताटली. आठ वाजता ओटा कोरडा."

"ह्यात पाककृती काय आहे?" अण्णा म्हणाले.

"तेच तर."

अण्णा गप्प झाले. फोनच्या पडद्यावर मुलगा खाली मान घालून हसत होता. अण्णांनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि पट्टी घेऊन शेवटच्या पानावर काहीतरी आखू लागले. आम्ही निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी १ एप्रिल, नवी वही. सकाळी मी पेपर द्यायला गेलो तेव्हा ती टेबलावर उघडी होती. पहिल्या पानावर पदार्थ लिहिला होता: मुगाची खिचडी. वहिनींच्या शब्दाचा मान राखून अण्णांनी यंदा एक नवा रकानाही घातला होता, 'लागणारी भांडी'. त्यात आकडा होता नऊ.

मी आत डोकावलो. मावशी आल्या नव्हत्या. पुतणीची तब्येत बिघडली होती.