मुंडकं उडालं, पण खेळ चालूच

'हायलँडर' (१९८६) हा सिनेमा एवढ्यावरच उभा होता: अमर योद्धे एकमेकांची मुंडकी उडवणार, शेवटी एकच उरणार. उरला. विषय संपला.

पण गल्ला संपत नसतो. १९९१ च्या दुसऱ्या भागात मुंडकं उडालेला शॉन कॉनरी परतला, तोही 'हॅम्लेट'च्या चालू प्रयोगात, थेट रंगमंचावर! आणि स्कॉटलंडच्या डोंगरातला नायक मॅक्लाउड निघाला झाइस्ट ग्रहाचा. चार वर्षांनी दिग्दर्शक रसेल मल्काहीने कात्री घेऊन अख्खा ग्रहच कापला. आता म्हणे सगळे पृथ्वीचेच, फक्त फार जुन्या काळचे. २००४ च्या डीव्हीडीत वर नवे दृश्यपरिणामही थापले. जुन्या सोफ्याला नवी खोळ, दुसरं काय!

कुणाकडे झाइस्टवाली जुनी कॅसेट असेल तर टाकू नका, मला द्या. हसायला तीच बरी.